मावळा आठ सेकंद लढला

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर एक मावळा आठ सेकंद लढला. त्यासाठी मी आणि माझा भाचा चार दुपारी उकिडवे बसलो, आईची बोलणी खाल्ली, आणि माझी कंबर पुढे आठवडाभर धरलेली होती.

बेळगावात दिवाळीला आकाशकंदिलाच्या आधी किल्ल्याची माती येते. आमच्या वडगावातली पोरं शेवटचा पेपर टाकून थेट दगड शोधायला पळतात. विटांचे तुकडे, त्यावर पोती, पोत्यांवर लाल मातीचा चिखल, आणि उतारावर मोहरी नि नाचणी पेरायची, म्हणजे पाडव्यापर्यंत रान उगवतं. भाचा निपाणीचा, पण किल्ल्यासाठी त्याला आजोळच लागतं. सहावीत आहे. किल्ला झाला, गणपत गल्लीतून आणलेले मावळे बुरुजांवर चढवून झाले, आणि हा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मामा, हे नुस्ते उभेच हायत की."

"मग काय करू देत?"

"लढू देत."

भाजलेल्या मातीचा मावळा लढत नाही. त्याची तलवार हाताला आणि हात छातीला चिकटलेला असतो. एकाचा हात जरा वाकवून बघितला तर खांद्यातून निखळून माझ्याच मुठीत आला. मग खडेबाजारातून रंगीत क्ले आणली. आत सांगाडा म्हणून बांधकामाची बाइंडिंग वायर पिळून घातली. पायात टाचण्या खुपसल्या, मोबाइल तिपाईवर बांधला आणि सुरू झालो. एक फोटो काढायचा, मावळ्याला जरासं हलवायचं, पुन्हा फोटो. ह्याला स्टॉप मोशन म्हणतात हे भाच्याला ठाऊक होतं. मला एवढंच ठाऊक होतं की मी लहानपणापासून असले सिनेमे बघत आलोय आणि कुणी विचारलं की 'काय बघू?', तर हेच सांगत आलोय. स्वतः कधी हात घातला नव्हता.

हिशोब साधा आहे आणि अंगावर येणारा आहे. सिनेमात सेकंदाला 24 चित्रं पळतात. बरेच कलाकार एकेक मुद्रा दोन-दोन चित्रं धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा वेळा बाहुली हलवली तरी डोळा फसतो. आम्ही बारा धरले. तलवार वरून खाली यायला एक सेकंद, म्हणजे तलवार बारा वेळा हलवायची, दर वेळी हरभऱ्याच्या डाळीएवढी. जास्त हलली तर मावळा झटका आल्यासारखा दिसतो, कमी हलली तर विचारात पडल्यासारखा. आठ सेकंदांचे शहाण्णव फोटो.

माझे वडील मागावर बसायचे. धोटा इकडून तिकडे गेला की कापडात एक धागा पडतो, आणि त्या एका धाग्याने कापड वाढलेलं कुणाला दिसत नाही. संध्याकाळी बघावं तर हातभर लुगडं झालेलं असायचं. तिसऱ्या दुपारी किल्ल्यापुढे बसलो असताना ते आठवलं, आणि वडील माझ्यासारखे कंबर धरून कण्हत नसत हेही आठवलं.

पहिली दुपार तर उन्हानं खाल्ली. पंचवीस-तीस फोटो काढले, चालवून बघितले, तर मावळा राहिला बाजूला, तुळशी वृंदावनाची सावली घड्याळाच्या काट्यासारखी अख्ख्या किल्ल्यावरून फिरून गेली. दुसऱ्या दिवशी वर ताडपत्री बांधली, कडेला बल्ब लावला. अर्ध्यात करंट गेला. तो आला तेव्हा मावळ्याचा नेम चुकलेला, कारण मधल्या वेळात मांजर बुरुजावर बसून गेलं होतं. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सगळं सुरळीत झालं. शहाण्णव फोटो भरले. रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीला मोबाइल जोडला आणि घरचे सगळे बसले.

मावळा लढला. खरं सांगायचं तर गनीम कुणी नव्हताच, तो हवेतच वार करत होता, पण लढला. मात्र त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. त्याच्या पाठीमागे रान उगवत होतं! चार दिवसांत मोहरी मातीतून वर आली होती, आणि आमच्या आठ सेकंदांत ती धक्के खात, मान हलवत, एकमेकींना ढकलत वर येताना दिसत होती. शेवटच्या वाराला मावळा कमरेएवढ्या हिरवळीत उभा. आम्ही रोज किल्ल्यापाशी बसलो होतो, नाक लावून, आणि दोघांपैकी एकाच्याही ध्यानात ते आलं नव्हतं.

भाच्याला वाटलं, वाया गेलं. मी त्याला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी लंडनला जाऊन कॅमेरा घेतला, पण सिनेमाला पैसे कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला, आणि महिनाभर थोडं थोडं टिपत राहिले. पडद्यावर बी फुटलं, वेल वर चढला, आणि बघणाऱ्यांच्या तोंडाचा आ झाला. पैसे मिळाले. 'अंकुराची वाढ' हे त्या चिमुकल्या फिल्मचं नाव. आपल्याकडचा सिनेमा असा कुंडीतून वर आला. पुढे 1915 मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात आगपेटीतल्या काड्या आपापल्या हलतात. ती मात्र खरोखरीची स्टॉप मोशन, कारण वाटाणा स्वतः वाढतो, काडी कुणीतरी हलवावी लागते. भाचा म्हणाला, "मग आपण दोन्ही केलं की." बरोबरच होतं त्याचं.

सुट्टी अजून शिल्लक होती. पुढचे आठ दिवस रोज रात्री एकेक बघायचं असं ठरलं आणि निवडायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवात 'शॉन द शीप'नं केली. कुणालाही, कुठल्याही वयाच्या माणसाला, पहिल्यांदा हेच सांगावं. सात-सात मिनिटांचे भाग, एका शेतावरची मेंढरं, एक कुत्रा, एक अर्धवट मालक. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओनं 2007 साली ही मालिका सुरू केली. बोलणं एका अक्षराचं नाही. मालक बोलतो तेही नुसतं घुर्र-घुर्र, मेंढरांना माणसाचं बोलणं जसं ऐकू येत असेल तसं. आमच्या भागात ह्याचं मोल वेगळं आहे. शेजारची अज्जी गोकाकडची. ती कानडीत बोलते, माझी आई मराठीत उत्तर देते, आणि हे तीस वर्षं बिनबोभाट चाललंय. पण टीव्ही लागला की आजवर प्रश्न यायचाच, तिची मालिका का आमची. त्या रात्री अज्जी चकल्या घेऊन आली आणि बसली ती बसलीच. माहेरी तिच्या घरात मेंढरं होती, त्यामुळे ती सिनेमा बघत नव्हती, कळप बघत होती. शॉन कुंपणाची कडी काढून बाहेर पडला तेव्हा पदर तोंडाला लावून म्हणाली, "ई कुरी भाळ शाण्या ऐती." हे मेंढरू भारी शहाणं आहे. 'शाण्या' हा शब्द तिनं आमचा घेतला का आम्ही तिचा, हा वाद आई आणि अज्जी पुढचा अर्धा तास घालत होत्या, एकीनं मराठीत आणि दुसरीनं कानडीत.

दुसऱ्या रात्री त्याच स्टुडिओचा 'द राँग ट्राउझर्स', निक पार्कचा, 1993 चा, अर्ध्या तासाचा. वॉलेस नावाचा चीजवेडा संशोधक आणि त्याचा कुत्रा ग्रोमिट. ग्रोमिटला तोंड नाही. खरंच नाही, बनवलेलंच नाही. कपाळाची एक घडी वर-खाली होते आणि तेवढ्यावर तो कंटाळा, संशय, अपमान, माया सगळं दाखवतो. समोर खलनायक एक पेंग्विन. त्याला तर कपाळही नाही, नुसते दोन काळे मणी. तो काहीच करत नाही, फक्त उभा राहून बघतो, आणि भाच्यानं माझा दंड घट्ट धरला. शेवटी घरातल्या घरात खेळण्यातल्या आगगाडीवरून पाठलाग. रूळ संपतात, तेव्हा ग्रोमिट पुढे बसून धावत्या गाडीखाली एकेक रूळ टाकत जातो, टाक-टाक-टाक. बेळगाव-धारवाड थेट रेल्वे होणार हे ऐकत आमचे केस पांढरे झाले. ते काम ह्या कुत्र्याला द्यायला हवं होतं.

ह्यानंतर मी भाच्याला पडदा थांबवायला लावला. वॉलेसच्या गालाजवळ बघ म्हटलं. नीट बघितलं की क्लेवर बोटांच्या ठशांच्या बारीक रेघा दिसतात. पुसता आल्या असत्या, ठेवल्या आहेत. भाचा उठला, किल्ल्यावरचा आपला मावळा घेऊन आला आणि दिव्याखाली धरला. त्याच्या अंगरख्यावर दोन प्रकारचे ठसे होते, एक रुंद, एक चिमुकले.

मला हे सिनेमे का आवडतात, हे कुणी विचारलं तर मी ते ठसेच दाखवतो. जुन्या 'किंग काँग'मध्ये, 1933 च्या, तो अजस्र गोरिला म्हणजे दीड फुटाची बाहुली होती, धातूच्या सांगाड्यावर सशाचं कातडं. विलिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी दर फोटोआधी तिला हलवायचे, तेव्हा बोटांनी केस दबायचे. पडद्यावर त्यामुळे काँगचे केस सारखे सळसळताना दिसतात. चूकच ती. पण बघणाऱ्यांना वाटलं, रागानं अंगावर केस उभे राहिलेत! पुढे 2009 मध्ये वेस अँडरसननं 'फॅन्टॅस्टिक मिस्टर फॉक्स' केला, तेव्हा कोल्ह्याची लव मुद्दाम तशीच सळसळू दिली. नव्वद वर्षांपूर्वी त्या बाहुलीला कुणीतरी हात लावला होता, तो स्पर्श अजून तिथे हलतोय. कॉम्प्युटरवर केलेल्या चित्राचं मला वावडं नाही, पण तिथे असं काही मागे राहत नाही.

तिसऱ्या रात्री 'जेसन अँड द अर्गोनॉट्स'. अख्खा बघायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे, मधे मधे तो फार रेंगाळतो. शेवटची लढाई बघा. जमिनीतून सात सांगाडे उगवतात आणि तीन माणसांशी तलवारीनं लढतात. माणसांचं चित्रण आधीच झालेलं, आणि रे हॅरिहाउसेननं त्यांच्या एकेका चित्राबरहुकूम सात सांगाडे हलवले, प्रत्येकाचे हात, पाय, मान, ढाल. काही मिनिटांच्या प्रसंगाला साडेचार महिने गेले. 1963 साल. आमच्या एका मावळ्याला हवेत वार करायला चार दुपारी गेल्या होत्या, त्यामुळे भाचा ह्या वेळी हसला नाही, नुसता मोजत बसला.

मला मात्र तो प्रसंग बघताना वेगळंच आठवतं. आमच्याकडे वैशाखात शिवजयंती असते आणि तिच्या चित्ररथांची मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावे. मी कॉलेजात असताना एका वर्षी मावळा झालो होतो. तलवार उगारलेली, डावा पाय पुढे, आणि चौकात ट्रॉली थांबेपर्यंत पापणीसुद्धा लववायची नाही. नाकावर डास बसला. तो डास मला अजून आठवतो, त्याच्या पायांसकट. जिवंत माणसानं पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि बघणाऱ्यानं म्हणायचं, "अगदी खरं वाटतंय की रे!" इथे उलटं, पुतळ्यानं जिवंत व्हायचं आणि बघणाऱ्यानं तेच म्हणायचं. पण खांद्यातली कळ सारखीच. फक्त इथे ती पडद्यामागच्या माणसाच्या खांद्यात असते.

आई विचारायला लागली, आपल्याकडचं काही नाही का? आहे, थोडं आहे. सुरेश एरियत ह्यांची 'टोकरी' दाखवली. मुंबईतली एक गरीब मुलगी, तिच्या हातून वडिलांचं घड्याळ बिघडतं, आणि ती दुरुस्तीच्या पैशांसाठी रस्त्यावर टोपल्या विकायला उभी राहते. एवढीच गोष्ट. 2017 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यातली मुंबई क्लेची आहे, पण तिथल्या भिंतींची ओल खरी आहे. आई शेवटी काही बोलली नाही, उठून वडिलांच्या फोटोपाशी गेली, फोटोवरची धूळ पुसली आणि झोपायला गेली. आमच्या वडिलांचंही एक घड्याळ होतं, पण तो वेगळा लेख.

मुलांसोबत काय बघू नये हेही सांगायला हवं, कारण बाहुल्या दिसल्या की लोक डोळे झाकून पोरांना पुढे बसवतात. 'कोरलाइन' (2009) दहाच्या आतल्यांना नको. हुबेहूब आईसारखी दिसणारी दुसरीच एक आई, तिच्या डोळ्यांच्या जागी बटणं, आणि ती मुलीलाही तीच शिवायला बघते. भाच्याला दाखवला नाही, एकट्यानं पुन्हा बघितला. विणकराचा मुलगा असल्यामुळे माझा जीव त्यातल्या स्वेटरात अडकतो. बाहुलीच्या अंगावरचे ते बोटभर स्वेटर केसासारख्या बारीक सुयांनी खरोखर विणलेले आहेत. त्याचा दिग्दर्शक हेन्री सेलिक. 1993 चा 'नाइटमेअर बिफोर ख्रिसमस'ही त्याचाच, पण जिथे जावं तिथे लोक टिम बर्टनचं नाव घेतात. गोष्ट बर्टनची, तीन वर्षं बाहुल्या हलवून घेतल्या सेलिकनं.

'मेरी अँड मॅक्स' तर मोठ्यांचाच. ऑस्ट्रेलियाच्या ॲडम एलियटचा, तोही 2009 चा. मेलबर्नची एकटी मुलगी आणि न्यूयॉर्कचा एकटा, अवघडलेला, जाडा माणूस, आणि त्यांची वीसेक वर्षांची पत्रमैत्री. तिचं गाव तपकिरी, त्याचं करडं. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि संपल्यावर कुणाला तरी पत्र लिहावं म्हणून कागद घेऊन बसलो, तर पत्ता पाठ असलेलं एकही माणूस उरलं नव्हतं.

लाइका स्टुडिओच्या 'कुबो'बद्दल मित्रांशी माझं भांडण होतं. बाहुल्यांचे भाव बदलायला थ्रीडी प्रिंटरवर छापलेले हजारो चेहरे, सोळा फुटी सांगाडा, सगळं थक्क करणारं. पण ते इतकं गुळगुळीत होतं की मला मधेच विसरायला होतं, हे हातानं केलंय. मग कशाला एवढा खटाटोप? मित्र म्हणतो, विसरायला होणं हीच तर करामत. असेल. त्यापेक्षा मला गिएर्मो देल तोरोचा 2022 चा 'पिनोकिओ' जवळचा. त्यात बाहुल्यांना मुद्दाम चुकायला लावलंय. एखादा उगाच खाजवतो, एखाद्याची बसण्याची पहिली खेप हुकते, माणसांची हुकते तशी. मुसोलिनीच्या काळातल्या इटलीत गोष्ट घडते, मरणाबद्दल बोलते, त्यामुळे पोरांसोबत बघाल तर मधे मधे थांबून बोलायची तयारी ठेवा.

आंबोली घाट उतरून कुडाळकडे गेलं की पिंगुळी लागतं. तिथल्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या मी एकदा बघितल्या आहेत. बाहुली नाचते, दोऱ्या स्पष्ट दिसतात, आणि एकही माणूस दोरीकडे बघत नाही. दोरी लपवायला हवी असं त्या खेळकऱ्यांना कधी वाटलेलं दिसलं नाही.

भाऊबीज झाली, बहीण भाच्याला न्यायला आली. निघण्याआधी त्यानं आपला सिनेमा अज्जीला दाखवायचं ठरवलं. एकदा लावला, दोनदा लावला. अज्जी म्हणाली, मधे काहीतरी चमकलं. आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं. भाच्यानं एकेक फोटो पुढे सरकवत नेला. मावळ्याची तलवार वर, जराशी खाली, अजून खाली, आणि एक्काहत्तराव्या फोटोत डावीकडून एक हात आत आलेला, मनगटापर्यंत, हिरव्या बांगड्या, हातात तांब्या, आणि तांब्यातून मोहरीवर पडणारी पाण्याची धार. मावळ्याच्या डोक्यावर मधोमध.

"आजी, तू कधी आलतीस?"

"सारखं पाणी घाला म्हणून सांगितलं तर कोण घालालंय? मीच घातलं," आई म्हणाली.

मी म्हटलं, तो एक फोटो काढून टाक, कुणाला कळणार नाही. भाच्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. त्यानं सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि ह्या वेळी सगळे तलवार सोडून डावीकडच्या कोपऱ्याकडे बघत बसले.